‘दुसऱ्या’चं ‘दुसच्या’: ई-बुकात परत परत उगवणाऱ्या चुका

आत्याच्या वहीतली पहिली नोंद अशी: ‘४३ टक्के. दुसच्या. म्हणजे काय?’

आत्या इंदूरला रामबागेत राहते, वय ७९. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, तरी छापील पुस्तकातली अक्षरं आता तिला पुरत नाहीत. म्हणून तिला किंडल आणून दिलं आणि तिच्या आवडीचं वाचायला मी त्यात भरत गेलो. तिचं उभं आयुष्य टपालखात्यात पत्रं लावण्यात गेलं, त्यामुळे वेडंवाकडं अक्षर तिच्या नजरेतून सुटत नाही. अक्षर मोठं केलं की पानांचे आकडे निरुपयोगी होतात, म्हणून ती खाली दिसणारे टक्के लिहून ठेवते आणि पुढे चुकलेला शब्द. रविवारी पोहे-जलेबी घेऊन गेलो की आधी वही पुढे येते, मग बशी.

चुका असणं मला मान्य होतं. कोडं वेगळं होतं. मी त्या दुरुस्त करायचो आणि महिन्याभरात त्याच चुका त्याच पुस्तकात परत दिसायच्या. ‘अरे, हे मागच्या वेळी नीट केलं होतंस ना?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे बराच काळ उत्तर नव्हतं. आता आहे.

माझ्याकडे तीन तऱ्हेचा माल येतो. खजुरी बाजारात मिळालेली जुनी पुस्तकं, जी मी स्कॅन करतो. नातेवाईक व्हॉट्सॲपवर पाठवतात त्या पीडीएफ. आणि आमच्या आजोबांच्या आठवणी, ज्या १९९८ साली एका टायपिंगवाल्याकडून जुन्या फॉन्टात टाइप करून घेतल्या होत्या. (स्कॅन करण्याआधी एवढं बघा: भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्याच्या आतलं पुस्तक विकत घ्या, तेवढ्यासाठी कात्री आणि स्कॅनर काढू नका.)

या तिन्ही मालांना वेगवेगळे रोग होतात, आणि चुकीकडे नीट बघितलं तर ती कुठल्या दारानं आत आली ते कळतं. ‘दुसच्या’ दिसलं तर चूक ओसीआरची, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राची आहे. ‘दुसर्या’ दिसलं तर कोणीतरी साफसफाई करताना घाण केली आहे. ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’ आणि ‘सर्व’चं ‘सवर्’ झालं असेल तर मजकूर पीडीएफमधून कॉपी केलेला आहे किंवा जुन्या फॉन्टातून वाईट तऱ्हेनं बदललेला आहे. हे निदान न करता थेट फाइंड-रिप्लेसला बसलात तर माझ्यासारखी दोन वर्षं घालवाल.

‘दुसच्या’, ‘बच्याच’, ‘शेतकच्यांना’

मराठीतला हा अर्धा र, ‘दुसऱ्या’तला, छपाईत आडव्या डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो. शाई जरा पसरली किंवा स्कॅन फिका आला की तो थेट अर्ध्या च सारखा वाटतो. हिंदीत हा पापणीचा र नाहीच. आणि आमच्या इंदुरात कोणाच्याही कॉम्प्युटरवर देवनागरी म्हटलं की हिंदी आधीपासून निवडलेली असते. मी वर्षभर मराठी पुस्तकं हिंदी भाषा निवडून ओसीआर करत होतो, लिपी तीच आहे ना, मग काय फरक पडतो, असं समजून. फरक पडतो. हिंदीवर शिकलेल्या यंत्राला ‘ऱ्य’ ठाऊक नसतो आणि ळ त्याला क्वचित भेटलेला असतो, मग ते जवळचं ओळखीचं अक्षर ठोकून देतं. टेसेरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यात मराठीची वेगळी फाइल आहे, ती उतरवून घ्या आणि तीच निवडा. गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन टाकून तो गूगल डॉक्समध्ये उघडला तरी मजकूर निघतो, आणि स्वच्छ छपाई असेल तर बराच चांगला निघतो.

स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली करू नका. मोबाइलनं काढलेल्या फोटोवर पानाचा मधला भाग वाकलेला येतो आणि शिवणीजवळची अक्षरं सगळ्यात जास्त बिघडतात. पुस्तक उघडं दाबून धरायला घरातलं कोणी मिळालं तर उत्तम, नाहीतर काचेचा तुकडा ठेवा. त्यानंतर पानं थेट ओसीआरला न देता स्कॅनटेलर या पानं नीट करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा. दोन पानं वेगळी करणं, तिरकं पान सरळ करणं, मजकुराभोवती चौकट आखणं, हे तिथे होतं. ही चौकट आखताना पानाचा आकडा आणि वर छापलेलं पुस्तकाचं नाव चौकटीबाहेर ठेवा. सगळ्या कामात हे पाच मिनिटांचं सगळ्यात फायद्याचं. नाहीतर वाक्याच्या मधोमध ‘४७’ येतो, आत्या वहीत लिहिते ‘सत्तेचाळीस काय?’ आणि तुम्ही पुस्तकभर आकडे वेचत बसता. वेचायचेच झाले तर कॅलिबर या ई-बुकांच्या प्रोग्रॅमच्या एडिटरमध्ये रेजेक्स (नमुन्यावरून शोधायची रीत) लावून >[ ०-९]+< एवढं शोधा, एकटेदुकटे आकडे सापडतात. पण थांबून एकेक बघा. प्रकरणांना नुसते आकडे असतील तर तेही याच जाळ्यात येतील.

आता आधीच झालेल्या ‘दुसच्या’चं काय? इथे सरसकट बदल करता येत नाही, कारण ‘च्या’ हा प्रत्यय मराठीत पावलापावलाला आहे. ‘घराच्या’चं ‘घराऱ्या’ करून बसाल. मी असं करतो: कॅलिबरच्या एडिटरमध्ये रिपोर्ट्स नावाचं साधन आहे, त्यात शब्दांची यादी निघते, पुस्तकातला प्रत्येक शब्द आणि तो किती वेळा आलाय ते. वरच्या गाळणीत ‘च्या’ लिहायचं आणि यादी वाचून काढायची. दोनशे पानांच्या पुस्तकाला चहा संपेपर्यंतचं काम. ‘दुसच्या’, ‘तिसच्या’, ‘बच्याच’, ‘खच्या’, ‘चेहच्यावर’, ‘पांढच्या’, ‘किनाच्यावर’, ‘अधिकाच्यांनी’ असे शब्द लगेच डोळ्यात भरतात, कारण मराठीत ते दुसऱ्या कुठल्या अर्थानं येतच नाहीत. हे बिनधास्त बदला, आणि बदल नावानिशी जतन करून ठेवा म्हणजे पुढच्या पुस्तकाला पुन्हा टाइप करायला नको.

‘साच्या’ मात्र बघून बदला. ते ‘साऱ्या’ही असेल किंवा मूर्तिकाराच्या साच्याबद्दल चाललेलं असेल. आणि ‘कोपच्यात’ सापडलं तर आधी वाक्य वाचा. एका नव्या कथासंग्रहात मी ते मोठ्या तत्परतेनं ‘कोपऱ्यात’ केलं. तिथे एक पोरगा दुसऱ्याला कोपच्यात घेऊन दम देत होता.

‘आचार्यांनी रात्रभर जिलब्या तळल्या’

हा माझा स्वतःचा पराक्रम, आणि परत परत येणाऱ्या चुकांचं मूळही हेच. आजोबांच्या आठवणींत त्यांच्या बहिणीच्या लग्नाचं प्रकरण आहे. तिथे आचाऱ्यांनी रात्रभर जिलब्या तळल्या. आत्यानं वाचलं तेव्हा त्या आचार्यांनी तळल्या होत्या. ती दोन दिवस हसत होती. पुढच्या प्रकरणात मांडूच्या दऱ्यांत उतरलेलं धुकं दर्यांत उतरलं होतं, म्हणजे माळव्याला समुद्र आला. बऱ्हाणपूरचं ‘बर्हाणपूर’ आणि वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ तर पानोपानी.

झालं होतं असं. हा पापणीचा र टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, खाली टिंब असलेलं, आणि त्याला हलन्त लावतात. दुसरीत साधा र, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कितीतरी टायपिंगची साधनं आणि जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीत नेणारे कन्व्हर्टर ही दुसरी रीत वापरतात. ते अदृश्य चिन्ह काढून टाकलं की उरतं साधं र आणि हलन्त, म्हणजे रफार. ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो.

आणि ते चिन्ह काढत कोण होतं? मीच. ई-बुक साफ करण्याच्या इंग्रजी सल्ल्यांमध्ये एक सल्ला हमखास असतो की पुस्तकातली सगळी अदृश्य चिन्हं उडवून टाका. रोमन लिपीसाठी तो बरोबर आहे. मी तो जतन करून ठेवलेल्या शोधांमध्ये पहिल्या क्रमांकाला ठेवला होता. आत्याची वही बघून ‘दुसऱ्या’ हातानं दुरुस्त करायचो, त्या वेळी माझ्या कीबोर्डवरून तेच जोडचिन्हवालं रूप टाइप व्हायचं, आणि पुढच्या खेपेला मी पुस्तकावर ‘साफसफाई’ फिरवली की माझीच दुरुस्ती माझ्याच झाडूनं जायची.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी र, हलन्त, जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. हा बदल डोळे मिटून सगळीकडे करा, यात धोका नाही. मग ॲ कडे वळा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुनी मंडळी अ लिहून त्यावर चंद्र ठेवत, काही जण मध्ये तेच जोडचिन्ह घालत. काही वाचनयंत्रांवर अशा वेळी चंद्र ठिपक्यांच्या गोलावर बसलेला दिसतो. हे सगळे प्रकार एकट्या ॲ मध्ये बदला. हिंदी कीबोर्डवरून आलेला ऍ ही. शोधताना ‘ॲप’ लिहिलं आणि पुस्तकात ‘ऍप’ असलं तर शोध रिकामा येतो.

हे दोन बदल झाल्यावर मग अदृश्य चिन्हांकडे जा, आणि तिथेही सरसकट नाही. रिपोर्ट्समध्येच अक्षरांची यादी असते, पुस्तकातलं प्रत्येक चिन्ह, त्याचं नाव आणि संख्या. अदृश्य चिन्हांना तिथे नावं असतात, म्हणून ती पकडता येतात. शून्य रुंदीची मोकळी जागा आणि सॉफ्ट हायफन ही दोन काढून टाका, मराठीत त्यांचं काही काम नाही. जोड तोडणारं चिन्ह, म्हणजे झिरो विड्थ नॉन-जॉइनर, राहू द्या. ‘उद्‌घाटन’, ‘षट्‌कोन’ असे शब्द पाय मोडून लिहिणाऱ्यानं ते मुद्दाम घातलेलं असतं. उरलेली जोडचिन्हंही राहू द्या.

ज्या पुस्तकांत ‘ऱ्य’ आधीच मेला आहे तिथे यंत्र कामाचं नाही. स्पेलचेकही नाही, कारण ‘आचार्यांनी’ आणि ‘दर्या’ हे बरोबर शब्द आहेत. ‘र्ह’ शोधून बहुतेक ठिकाणी ‘ऱ्ह’ करता येतं: कुऱ्हाड, गाऱ्हाणं, तऱ्हा. ‘अर्हता’ आणि तिची भावंडं तेवढी सोडा. ‘र्या’ मात्र एकेक बघावं लागतं. माझा अंदाजी नियम असा की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले कार्य, सूर्य, धैर्य, मर्यादा, पर्याय, दिनचर्या यांत रफार; आणि शेवटी रा किंवा री असलेल्या मराठी शब्दाचं रूप बदललं असेल तर पापणी. वारा, वाऱ्यावर. पुजारी, पुजाऱ्यानं. आजोबांच्या पुस्तकात अशा सहाशेवर जागा निघाल्या. दोन रात्री गेल्या. तुमच्याकडे मूळ फाइल असेल तर हे न करता मागे जा आणि नव्यानं सुरू करा.

‘कायर्क्रम’ आणि अक्षराआधी पळालेली वेलांटी

पीडीएफ म्हणजे कागदाचं चित्र आहे असं समजा. त्यात ‘कवि’ हा शब्द नसतो, कुठल्या जागी कुठला आकार काढायचा एवढंच असतं. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते म्हणून कॉपी केल्यावर ती आधी येते; रफार अक्षराच्या डोक्यावर नंतर बसतो म्हणून तो नंतर येतो. जोडाक्षरांचे आकार तर फॉन्टच्या पोटातल्या स्वतःच्या क्रमांकांनी साठवलेले असतात, त्यांचा युनिकोडशी पत्ता जुळला नाही की अक्षर गायबच. पडद्यावर पीडीएफ सुंदर दिसते आणि चिकटवल्यावर चिंध्या निघतात, त्याचं कारण हे.

चिंध्या शिवत बसू नका. पाठवणाऱ्याला विचारा की मूळ वर्ड फाइल आहे का. अर्ध्या वेळा असते, कोणी मागितलेली नसते एवढंच. नसेल तर पीडीएफची पानं चित्रं म्हणून काढा आणि वर सांगितल्याप्रमाणे ओसीआर करा. मजकूर ‘असताना’ ओसीआर करणं उलटं वाटतं, पण कॉपीच्या चुकांपेक्षा ओसीआरच्या चुका कमी आणि ओळखीच्या असतात.

जुन्या फॉन्टातली फाइल ही वेगळी जात. युनिकोड नसलेल्या त्या फॉन्टांत आतून रोमन अक्षरंच असतात, अंगावर देवनागरीचा कपडा. फॉन्ट काढला की रोमन खिचडी दिसते. आमच्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत कृतिदेवचं राज्य होतं, पुण्याकडून आलेली फाइल असेल तर श्रीलिपी किंवा शिवाजी. नेमका कुठला फॉन्ट ते शोधल्याशिवाय कन्व्हर्टर निवडू नका, कारण एकाचं कोष्टक दुसऱ्याला चालत नाही. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांतही दोन-चार अक्षरं इकडची तिकडे असतात. आधी एकच परिच्छेद बदलून बघा, आणि असा निवडा की ज्यात रफार, ळ, ज्ञ, क्ष, श्र, ट्र आणि ‘ऱ्य’ सगळे येतील. एक परिच्छेद नीट आला की मग पुस्तक.

जाता जाता विसर्ग. ‘दु:ख’ आणि ‘स्वत:’ यांत बहुतेकांनी विसर्गाऐवजी कोलन टाइप केलेलं असतं. डोळ्याला फरक कळत नाही, पण कोलन हे विरामचिन्ह असल्यानं शब्दाचे दोन तुकडे समजले जातात आणि शोधात काहीच सापडत नाही. दुःख, स्वतः, अंतःकरण, निःशब्द, विशेषतः अशी पंधरा-वीस शब्दांची यादी पुरते. सगळी कोलनं बदलू नका, ‘तो म्हणाला:’ मधलं कोलन खरं आहे.

ओळी मध्येच तुटतात

प्रत्येक छापील ओळ स्वतंत्र परिच्छेद झालेली असते, म्हणून मोठ्या अक्षरात एक ओळ पूर्ण, दुसरी अर्धी, तिसरी पूर्ण असा जिना दिसतो. कॅलिबरमध्ये रूपांतर करताना ह्युरिस्टिक प्रोसेसिंग नावाचा भाग आहे, तो बहुतेक ओळी जोडून देतो. ओळीच्या शेवटी तोडलेल्या शब्दांचा हायफन मात्र बघून काढा, नाहीतर ‘आई-वडील’चे ‘आईवडील’ होतात.

एक सावधगिरी. आजोबांच्या पुस्तकात पणजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ओळी जोडणाऱ्या यंत्राला ओवी म्हणजे मोडलेला परिच्छेद वाटतो. एकवीस ओव्या एका सलग परिच्छेदात गेल्या, वर्णनासारख्या. आता मी पद्याच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आधी एक खूण घालतो, ## अशी, मूळ मजकुरात कधीच न येणारी. ओळी जोडल्या गेल्या तरी ## शोधून परत तोडता येतात. पत्रांतले पत्ते, नाटकातले संवाद आणि जमाखर्चाच्या ओळी यांनाही हेच.

दिसण्याबद्दल

इथे माझं मत थोडं हटवादी आहे: वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोडून द्या. वर्डमधून आलेल्या पुस्तकात फॉन्टचं नाव, अक्षराचा आकार, समास, रंग असं सगळं आत शिवलेलं असतं, आणि मग आत्यानं अक्षर मोठं केलं तरी काही परिच्छेद हट्टानं लहानच राहतात. कॅलिबरच्या रूपांतरात ‘लुक अँड फील’मध्ये शैली गाळण्याची सोय आहे, तिथे फॉन्ट, समास आणि रंग यांवर खुणा करा, सगळं निघून जातं.

तीन गोष्टी मात्र हातानं ठरवा. ओळींमधलं अंतर: रोमन अक्षरांसाठी ठेवलेलं अंतर देवनागरीला पुरत नाही, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. ‘कॅलिबर’ स्वतःहून किमान १२० टक्के धरतं, मी १५० ठेवतो. दुसरं, दोन्ही बाजू सरळ करणं बंद. मोठ्या अक्षरात ओळीत जेमतेम चार शब्द मावतात, मराठी शब्द लांब, ते तुटत नाहीत, मग मध्ये बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा पडते. डावीकडे सरळ, उजवीकडे जसं येईल तसं. तिसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सूचना सीएसएसमध्ये, म्हणजे पुस्तकाचं दिसणं ठरवणाऱ्या आतल्या फाइलमध्ये, कुठे असेल तर ती काढा. शीर्षकांत शोभेसाठी घातलेली असते आणि तिच्यामुळे शिरोरेषा तुटते.

पुस्तकाची भाषा मराठी आहे हे नोंदवायला विसरू नका, आणि दोन ठिकाणी: पुस्तकाच्या माहितीत आणि आतल्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला. दुसरीकडे बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदी राहून गेलेली असते. नोतो देवनागरीसारख्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, आणि भाषा मराठी असेल तरच ते बाहेर येतात. इंदुरात वाढलेल्या माझ्या भाच्याला हिंदी वळणाचा ल खटकत नाही. आत्याला खटकतो. ‘ल असा लंगडा का?’ अशी नोंद वहीत तीनदा आहे. यंत्र ऐकतच नसेल तर तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट पुस्तकात घाला. तो मराठीसाठीच वेगळा केलेला असल्यानं भाषेच्या खुणेवर अडत नाही. फॉन्ट घालण्याची सूट मी एवढ्याचसाठी देतो.

अनुक्रमणिका आपोआप तयार झाली नाही तर घाबरू नका. कॅलिबर मुळात शीर्षकांत ‘चॅप्टर’, ‘पार्ट’ असले इंग्रजी शब्द शोधतं, त्याला ‘प्रकरण’ ठाऊक नाही. प्रकरणांची नावं नुसती ठळक न करता खऱ्या शीर्षकाच्या शैलीत घाला आणि अनुक्रमणिकेच्या साधनात मुख्य शीर्षकांवरून यादी बनवायला सांगा.

सगळं नीट केलं, तरी तिला जुनंच दिसतं

वरचं सगळं पार पडल्यावरही एका रविवारी वहीत ‘४३ टक्के. दुसच्या’ होतं. मी फाइल उघडून दाखवली, शब्द बरोबर. तिच्या हातातल्या किंडलवर चूक. माझं डोकंच फिरलं.

दोन कारणं निघाली. एक, मी दुरुस्ती किंडलसाठी रूपांतर केलेल्या प्रतीत करत होतो आणि मूळ ईपब, म्हणजे ई-बुकची सर्वसाधारण फाइल, तसंच होतं. मग कधी अक्षराचं अंतर बदलायचं म्हणून मूळ ईपबमधून पुन्हा रूपांतर केलं की हाताच्या दुरुस्त्या गेल्या. आता दुरुस्ती फक्त ईपबमध्ये करतो. सेंड टू किंडल, म्हणजे किंडलवर फाइल पाठवायची ॲमेझॉनची सोय, २०२२ पासून ईपब सरळ घेते, त्यामुळे मधली प्रत ठेवायचं कारणच उरलेलं नाही. (केबलनं टाकलेलं ईपब मात्र किंडल उघडत नाही.)

दुसरं कारण साधं होतं. नवी फाइल पाठवली की ती जुनीची जागा घेत नाही, शेजारी येऊन बसते. एकाच नावाची, एकाच मुखपृष्ठाची दोन पुस्तकं. आत्या वाचत होती ती जुनी, कारण तिचं वाचलेलं ठिकाण जुन्यातच होतं. आता मी जुनी प्रत तिच्या यंत्रावरून आणि खात्यातून दोन्हीकडून काढतो, आणि पुस्तकाच्या नावापुढे ‘दुरुस्ती ३’ असा आकडा घालतो. मुखपृष्ठावरही तोच आकडा, तिला वाचता येईल एवढा मोठा.

यातून एक नवी अडचण झाली. फाइल बदलली, मध्ये ओव्या सुट्या झाल्या, आकडे गेले, की टक्के सरकतात. तिचे जुने ‘४३ टक्के’ नव्या प्रतीत ४१ वर किंवा ४५ वर असतात आणि मी भलत्याच पानावर शोधत बसतो. म्हणून तिला सांगितलं, आत्या, टक्क्यांबरोबर चुकीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन शब्दही लिहीत जा, मला शोधायला सोपं जाईल.

‘दोन-दोन कशाला,’ ती म्हणाली, ‘अख्खी ओळच उतरवते. वही तूच आण मात्र, रुंद रेघांची.’